दादींच्या हाका

ऐरोलीतल्या सेक्टरांमध्ये घरे भिंतीला भिंत लागून आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या दादी मगरिबपासून "अम्मी, अम्मी" अशा हाका मारू लागल्या, की वरखालच्या मजल्यांवर ऐकू जाते. शेजारी तक्रार करतात, सून रडकुंडीला येते आणि मुलगे झोपेच्या गोळीचा नाहीतर केअर होमचा विचार करू लागतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना हा आजार आहे.

हा हट्ट नव्हे, आणि जिनाचा असर तर नव्हेच. (तावीज-झाडफुंकीत महिने घालवणारी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून लिहावे लागते.) शब्द हरवले की माणूस आवाजाने सांगतो. लघवी तुंबली असेल, पोट साफ नसेल, दाढ किंवा गुडघा ठणकत असेल. नॉर्वेतील नर्सिंग होममधल्या 352 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला. त्यात ज्यांना डॉक्टरी देखरेखीखाली वेदनाशामक दिले, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉलच, त्यांची अस्वस्थता कमी झाली. उलट, शांत करण्यासाठी देतात त्या मनोविकाराच्या काही औषधांनी अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. तेव्हा आधी दुखणे शोधा.

हाका कधी सुरू होतात, ते आठवडाभर वहीत लिहा. संध्याकाळीच होत असतील, तर अंधार पडण्याआधी दिवे लावा, टीव्ही बंद करा, चष्मा आणि कानाचे यंत्र जागेवर आहे का पाहा. "तुमची अम्मी केव्हाच वारली" असे सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी दरवेळी नवी असते. त्याऐवजी विचारा, "अम्मी सांदणं कशी करायच्या?" हातात तसबीह द्या, शेजारी बसून पाठ असलेली सूरह हळू आवाजात म्हणा. जुने पाठांतर पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. रकात चुकली म्हणून मात्र रागवू नये. ज्याची अक्कल शाबूत नाही, त्याच्यावर नमाज फर्जच राहत नाही.

आईबापांना 'उफ्' म्हणू नका, ही आयत आपल्याकडे सुनेलाच ऐकवली जाते. खरे तर ती आधी मुलांसाठी आहे. रात्रीची पाळी मुलानेही घ्यावी. ते निभत नसेल आणि केअर होम पाहायची वेळ आली, तर खोलीचा रंग पाहण्याआधी विचारा: रुग्ण ओरडला, की इथले लोक पहिल्यांदा काय करतात? दादींची बोली, हलाल जेवण, घरात त्यांना काय म्हणून हाक मारतात, हे सगळे लिहून द्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे. माहिती तिथेही मिळते.