उघड्या माळाला तरवडाचा आधार



कोल्हापुरात शिवाजी पेठेत बिऱ्हाड, पण वडिलोपार्जित रान जत बाजूला, अशा एका श्रोत्याचा प्रश्न आमच्याकडे आला आहे. ते म्हणतात, "पाच एकर मुरमाड माळ आहे. दरसाल तालीला घळ पडते आणि वरची माती ओढ्याला जाते. वर्षातून दोन-तीन वेळाच जाणं होतं. विहिरीला पाणी नाही. रोपं लावली तर शेरडं ठेवत नाहीत. घरातले म्हणतात, विकून टाका. काय लावलं तर रान टिकेल?"

प्रश्न एकट्याचा नाही. गगनबावड्याला पाऊस कोसळतो. पण तिथून पूर्वेला निघालं, की जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात सालभराचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. 1972 च्या दुष्काळात या भागात बांधबंदिस्तीची कामं पुष्कळ झाली. पण नुसता मातीचा बांध उघडा ठेवला, तर चार पावसाळ्यांत बसतो. त्याला झाडोऱ्याचं पांघरूण लागतं. असं एक झुडूप आपल्याच माळावर आहे. ते म्हणजे तरवड.

तरवड ओळखायचा कसा?

पुरुषभर किंवा थोडं जास्त उंच वाढणारं, फांद्याफांद्यांचं झुडूप. चिंचेसारखी पण मोठ्या पाकळीची संयुक्त पानं. देठाच्या बुडाशी कानाच्या आकाराची दोन पानटं असतात, ही पक्की खूण. पावसाळा सरता सरता पिवळ्याधमक फुलांचे झुबके येतात. शेंग चपटी, वाळली की कागदासारखी पातळ. बिट्टीचं फूलही पिवळंच असतं, पण ते झाड विषारी आहे. घोटाळा करू नका.

नवरात्रात घटाला तरवडाच्या माळा चढतात, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. शेजारच्या तेलंगणात याला 'तंगेडु' म्हणतात. बतुकम्माच्या सणात हीच फुलं रचतात, आणि 2014 साली वेगळ्या झालेल्या त्या राज्याचं हे राज्यफूल आहे. राजस्थानच्या कोरड्या भागातही हे झुडूप तग धरून आहे.

हेच का लावायचं?

एक, मूळ खोल जातं, म्हणून एकदा धरलं की पाणी मागत नाही. दोन, शेरडं-गुरं याला सहसा तोंड लावत नाहीत. चरून उजाड झालेल्या माळावर तरवडच शिल्लक दिसतो, तो यामुळेच. तीन, छाटलं की पुन्हा फुटतं. तो पाला खतात घालता येतो.

मात्र एक गैरसमज काढून टाका. तरवड शेंगेच्या कुळातला असला, तरी याच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी येत नाहीत. पाल्याचं खत होतं. पण नुसतं झुडूप लावून जमिनीत नत्र वाढेल, असं धरू नका.

बी कसं धरायचं?

शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की काढा. एकाच झाडाचं बी नको. दहा-वीस निरोगी झाडांचं थोडं थोडं घ्या. किडकं निवडून टाका. बियाचं कवच कठीण असतं, तसंच पेरलं तर उगवण मागेपुढे होते. म्हणून पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, दोन-चार मिनिटं थांबा आणि मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवा. चुलीवर बी शिजवायचं नाही, बरं का! सकाळी जे फुगलं ते लगेच पेरा. न फुगलेल्याला पुन्हा तोच उपाय करा. आधी मूठभर बियावर करून पाहिलेलं बरं.

लागण

मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाली की तालीच्या उताराकडच्या बाजूला तीन-तीन फुटांवर टोकण करा. एका जागी दोन-तीन बिया, अर्ध्या पेराएवढ्या खोल. दोन ओळी करायच्या तर समोरासमोर नको, आडव्यातिडव्या ठेवा. सांडव्याच्या तोंडावर लावू नका, पाणी अडून ताल फुटेल. रोपं करायची तर पिशवीत फार दिवस ठेवू नका. मूळ वेटोळं घेतं आणि पुढं रोप दुबळं राहतं.

नुसत्या झुडपानं वरची माती थांबत नाही. दोन झुडपांच्या मध्ये मारवेल गवताची ठोंबं लावा. खाली गवत आणि वर तरवड अशी जोडी हवी. आधीच पडलेली घळ मात्र प्रथम दगड रचून बांधून घ्या.

निगा

पहिल्या पावसाळ्यात दोनदा तण काढा आणि बुडाशी पालापाचोळा घाला. पहिला उन्हाळा नाजूक. जमलं तर पंधरा दिवसांनी तांब्या-दोन तांब्या पाणी द्या. जमलं नाही तर काही मरतील, पुढच्या मृगात त्या जागी पुन्हा टोका. पाणी साचणाऱ्या चिबड रानात तरवड लावू नका, तिथं तो कुजतो.

तिसऱ्या वर्षापासून शेंगा काढून झाल्यावर गुडघाभर ठेवून छाटणी करा. पानावर हिरव्या अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका. बहुधा त्या पिवळसर फुलपाखरांच्या असतात, झाड पुन्हा फुटतं. फुलांवर भुंगे गुणगुणतात, त्या थरथरीनंच पराग सुटतो आणि शेंग धरते.

दोन खबरदाऱ्या

सालीत टॅनिन असल्यानं पूर्वी दक्षिणेत कातडी कमवायला तरवडाची साल फार खपे. आपल्याकडे चपलेच्या कातड्याला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. उभ्या झाडाची साल सोलली तर झाड मरतं. दुसरं, साखरेच्या दुखण्यावर तरवडाचा काढा सांगतात. पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडू नका.

शेवटी फुलांविषयी. नवरात्रात पेठेत विकायला येणारी फुलं कुठल्या तरी माळावरचीच असतात. सगळी फुलं खुडली तर शेंग नाही, बी नाही आणि पुढचं झाड नाही. म्हणून निम्मी फुलं झाडावर ठेवा.

आमच्या श्रोत्यांना उत्तर एवढंच: विकण्याची घाई नको. पहिल्या वर्षी एकच ताल निवडा, सगळ्यांत वरची. ती धरली तर पुढच्या वर्षी खालची. बी फुकटचं आहे. खर्च तो तुमच्या दोन-चार खेपांचा. हा कागद जपून ठेवा आणि मृगाआधी काढून पुन्हा वाचा.