फाइल प्रणाली, वापरकर्ता-क्षेत्रातील

संगणकाच्या साठवण माध्यमावरील माहितीची फाइलींच्या रूपात व्यवस्था लावणारी आज्ञावली परिचालन प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) न ठेवता सामान्य कार्यक्रमाप्रमाणे चालविण्याची पद्धती. गाभ्याला सर्व स्मृती व यंत्रसामग्री यांवर पूर्ण अधिकार असतो. त्यामुळे तेथील फाइल आज्ञावलीत दोष असताना बिघडलेली वा हेतुपुरस्सर दूषित केलेली तबकडी जोडली गेल्यास संपूर्ण संगणक बंद पडू शकतो अथवा परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. वापरकर्ता-क्षेत्रात तोच दोष बहुधा एका कार्यक्रमापुरता मर्यादित राहतो.

अँड्रू टॅनेनबाउम यांच्या मिनिक्समध्ये (१९८७) फाइल प्रणाली हा गाभ्याबाहेरील स्वतंत्र प्रक्रम होता. लिनक्समध्ये २००५ साली फ्यूज ही सोय समाविष्ट झाली. तीत गाभ्यातील एक लहानसा भाग फाइलविषयक मागणी स्वीकारून ती बाहेरील कार्यक्रमाकडे पाठवितो व त्याचे उत्तर परत आणतो. नेटबीएसडी प्रणालीतील ‘रंप’ पद्धतीने तर गाभ्यासाठी लिहिलेली फाइल आज्ञावली न बदलता बाहेर चालविता येते. स्मृतिवाटप, कुलुपे इ. गाभ्यातील सेवा तिला पर्यायी रूपात पुरविल्या जातात.

दोन क्षेत्रांमधील फेऱ्या व माहितीच्या जादा प्रती यांमुळे वेग घटतो, हा या पद्धतीचा मुख्य दोष होय. शिवाय कार्यक्रम मध्येच बंद पडल्यास अद्याप न लिहिलेली माहिती नष्ट होण्याचा धोका उरतोच. म्हणून संगणकाच्या मुख्य तबकडीसाठी सामान्यतः गाभ्यातील, तर परक्या वा क्वचित जोडल्या जाणाऱ्या माध्यमांसाठी बाहेरील फाइल प्रणाली सोयीची ठरते.