सातवा सूर

दिवाळीच्या सुट्टीत मी गिटार घेऊन गावी गेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्याबरोबर येणारी प्रत्येक वस्तू आई उलटीपालटी करून पाहते. "हे कुठल्या पेपरला हाय?" तिने विचारले. गिटार कोणत्याच पेपरला नाही. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून नांदेडला शेवटच्या वर्षाच्या एका मुलीकडून मी ती जुनी विकत घेतली आणि लातूर गाडीत मांडीवर धरून अहमदपूरपर्यंत आणली.

आमच्या घरी वाद्य म्हणजे आजोबांची पेटी. भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षे ती वाजवली. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवावा लागतो. तेव्हापासून पेटी कापडात बांधून ठेवलेली आहे.

गिटार शिकताना माझे घोडे एका ठिकाणी अडले होते, ते म्हणजे सेव्हन्थ कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक सूर. पेटीवर पांढरी एक हा सा धरून सा, ग आणि प या पट्ट्या एकदम दाबल्या की 'सी मेजर' ही कॉर्ड होते. सा पासून अर्ध्या अर्ध्या सुराच्या पायऱ्या मोजल्या, तर चौथ्या पायरीवर शुद्ध ग आणि सातव्या पायरीवर प येतो. गिटारवरही प्रत्येक फ्रेट म्हणजे अशी अर्ध्या सुराची एक पायरी.

या तीन सुरांत सप्तकातला सातवा सूर, म्हणजे नी, मिळवला की सेव्हन्थ कॉर्ड तयार होते. दहाव्या पायरीवरचा कोमल नी घेतला तर 'सी सेव्हन', अकराव्या पायरीवरचा शुद्ध नी घेतला तर 'सी मेजर सेव्हन'. ग आणि नी दोन्ही कोमल घेतले तर 'सी मायनर सेव्हन'. फरक एकेका पायरीचा, पण पहिली अस्वस्थ वाटते, दुसरी शांत आणि तिसरी थोडी उदास.

बोटांनी हे करताना मात्र मी गोंधळले. 'ई मेजर'साठी मी तीन बोटे मोठ्या कष्टाने बसवली होती. पुस्तक सांगे, चौथ्या तारेवरचे बोट उचला, 'ई सेव्हन' झाली. सूर वाढवायचा तर बोट वाढायला हवे, उचलायचे कसे? बरेच दिवस मला ती छापण्यातली चूक वाटली. खरे कारण असे, की बोट उचलल्यावर चौथी तार मोकळी वाजते. ती 'डी'ची तार, आणि 'ई' पासून दहाव्या पायरीवर 'डी'च येतो. 'ए मेजर'मधले मधले बोट उचलले की तिसरी तार मोकळी होते, तिचा सूर 'जी', आणि तयार होते 'ए सेव्हन'. नवशिक्यांना या दोन कॉर्ड सोप्या. 'सी सेव्हन'ला मात्र करंगळीही लावावी लागते, आणि 'बी सेव्हन' माझी अजून नीट लागत नाही.

पण ही कॉर्ड कशासाठी, हे पुस्तकाने सांगितले नाही. ते आजोबांकडून कळले.

एका दुपारी मी पेटी सोडली. मी भाता मारायचा, आजोबांनी उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या असे ठरले. मी सांगितले तसे त्यांनी आधी सा, ग, प दाबले. मग मी म्हणाले, "आता प, नी, रे, म." ही 'जी सेव्हन'. त्यांनी चार बोटे पसरून त्या पट्ट्या दाबल्या आणि मी मुद्दाम तिथेच भाता मारत राहिले. आजोबांचा चेहरा आक्रसला. "मधीच काय थांबवलीस पोरी? सा ला जाऊ दे की!" आणि माझी वाट न पाहता त्यांची बोटे आपोआप सा, ग, प वर गेली.

सेव्हन्थ कॉर्डचे काम नेमके हेच. 'जी सेव्हन'मध्ये म आणि नी एकत्र वाजतात. त्यांच्यात सहा पायऱ्यांचे अंतर, म्हणजे सप्तकाचा बरोबर मध्य. ही जोडी कानाला टोचते. नी ला सा एका पायरीवर वर दिसतो, म ला ग एका पायरीवर खाली. दोघेही शेजारच्या घरात शिरले की कानाला विसावा मिळतो. आजोबांना कॉर्ड हा शब्द ठाऊक नव्हता. कान मात्र तयार होता.

गिटार परदेशी, असे गावात काही जण म्हणाले. पण पेटी तरी कुठली? हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसला अलेक्झांडर देबेन याने घडवली. हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी केली. तिच्यावर मींड येत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. भजनाने मात्र तिला केव्हाच आपलेसे केले होते. आणि कॉर्डही आमच्या कानांना नव्या नाहीत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी त्या मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुजवल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात आलेले नाव याच गुरूंचे. रेडिओवर ती गाणी ऐकत आमचे गाव वाढले आहे.

सुट्टी संपली. निघताना आईने गिटारला जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली. पेपरचे पुन्हा विचारले नाही. पेटी आता कापडात बांधलेली नसते. संध्याकाळी माझा धाकटा भाऊ भाता मारतो आणि आजोबा एका हाताने वाजवतात. परवा फोनवर भाऊ तक्रार करत होता, की आजोबा चार पट्ट्या दाबून मुद्दाम तिथेच थांबतात, आणि तो "सा ला जा, सा ला जा" म्हणून ओरडला की हसतात.