बर्ड फ्लू आणि माणूस : प्रवासास जाताना व परतल्यावर घ्यावयाची काळजी

कोरडवाहू शेतीस जोडधंदा म्हणून मराठवाड्यात कोंबडीपालनाचे मोठे महत्त्व आहे. परसातील दहा-वीस गावरान कोंबड्यांमुळे घरातील स्त्रीच्या हाती आठवडी बाजाराचा पैसा राहतो. मात्र कोंबड्यांची मरतूक सुरू झाल्याची बातमी आली की गावात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही जण म्हणतात, "चिकन खाल्ले की बर्ड फ्लू होतो." दुसरे म्हणतात, "हा कोंबड्यांचा रोग, माणसाला काही होत नाही." या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिल्या समजुतीमुळे धंदा बुडतो, तर दुसरीमुळे प्रसंगी जीव जातो. म्हणून हा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो आणि प्रवास करणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे आवश्यक आहे.

रोगाचा प्रसार कसा होतो?

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएंझा 'ए' गटातील विषाणूंमुळे होणारा पक्ष्यांचा रोग आहे. एच५एन१ या प्रकारामुळे कोंबड्यांमध्ये अचानक व मोठ्या प्रमाणावर मरतूक होते. एच९एन२ हा प्रकार त्यामानाने सौम्य असल्याने कळपात तो चटकन लक्षात येत नाही. रानबदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे नैसर्गिक वाहक होत. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. म्हणून जलाशयाकाठच्या गावांनी कोंबड्या-बदके पाणवठ्यावर मोकळी सोडू नयेत.

बाधित पक्ष्याची विष्ठा, लाळ आणि नाकातील स्राव यांतून विषाणू बाहेर पडतो. सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात तो विष्ठेमध्ये महिनाभराहून अधिक काळ टिकतो, तर ३७ अंशास सुमारे सहा दिवसच टिकतो. थंडीच्या दिवसांत अधिक जपावे लागते ते यामुळेच. बुटाच्या तळव्याला, वाहनाच्या चाकाला, अंड्यांच्या ट्रेला किंवा पिंजऱ्याला चिकटलेली विष्ठा रोग एका गावातून दुसऱ्या गावी नेते.

आपल्याकडील अनुभव

भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्या वेळी देशात एकाही माणसास लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या व तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावले. म्हणजे हा विषाणू पक्ष्यांपुरता मर्यादित राहत नाही.

माणसातील लागणीकडे जगाचे लक्ष वेधले ते १९९७ साली हाँगकाँगमध्ये. तेथे १८ जणांना लागण झाली व त्यांपैकी ६ जण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेकडे २००३ पासून एच५एन१चे साडेनऊशेहून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले असून त्यांतील जवळपास निम्मे मृत्यू पावले आहेत. लागण क्वचित होते, परंतु झाली तर ती जिवावर बेतू शकते, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

भारतातील प्रमुख नोंदी पुढीलप्रमाणे आहेत.

१) २०१९ : अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात एका तान्ह्या बालकास एच९एन२ची लागण झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही) निदान झाले व मूल बरे झाले. आजारापूर्वी ते आईवडिलांसोबत एका धार्मिक मेळाव्यास जाऊन आले होते. कोंबड्यांशी संपर्क आल्याचे मात्र आढळले नाही.

२) २०२१ : हरियाणातील एका मुलाचा दिल्ली येथे एच५एन१मुळे मृत्यू झाला. देशातील हा पहिला मानवी मृत्यू होय.

३) २०२४ : कोलकाता येथे येऊन गेलेल्या एका बालकास ऑस्ट्रेलियात परतल्यावर एच५एन१ असल्याचे निदान झाले. उपचारानंतर ते बरे झाले. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील एका बालकास एच९एन२ झाल्याचेही नोंदले गेले.

४) २०२५ : आंध्र प्रदेशात एका लहान मुलीचा एच५एन१मुळे मृत्यू झाला.

हे सर्व रुग्ण मुलेच आहेत, ही बाब प्रत्येक आईवडिलांनी लक्षात घ्यावी. पिल्लांशी खेळणे, विष्ठा पडलेल्या अंगणात रांगणे व तेच हात तोंडात घालणे हे आपल्याकडे नित्याचे आहे. आजारी वा मेलेल्या पक्ष्याजवळ मुलांना मुळीच जाऊ देऊ नये.

एका माणसाकडून दुसऱ्यास हा रोग सहजपणे व सातत्याने पसरत असल्याचे अद्याप आढळलेले नाही. तसेच पूर्ण शिजवलेल्या मांसापासून व अंड्यांपासून धोका नाही, कारण ७० अंश तापमानास विषाणू नष्ट होतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणे, कापणे, सोलणे आणि कच्चे वा अर्धकच्चे खाणे यांत.

प्रवासास जाताना

कृषी अभ्यास दौरा, यात्रा, नोकरी किंवा नातेवाइकांची भेट, कारण कोणतेही असो, पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) जेथे जावयाचे तेथे कोंबड्यांची मरतूक चालू आहे काय, याची आधी चौकशी करावी.

२) जिवंत पक्ष्यांचा बाजार, कत्तलीची जागा व अनोळखी पोल्ट्री शेड येथे जाणे टाळावे. दौऱ्यात शेड पाहणे भाग असल्यास तेथील कपडे, मास्क व पादत्राणे वापरावीत.

३) मेलेल्या कावळ्यास, बगळ्यास किंवा कोंबडीस हात लावू नये.

४) मांस व अंडी पूर्ण शिजलेलीच खावीत. कच्चे दूध पिऊ नये. अमेरिकेत २०२४ पासून दुभत्या गायींतही हा विषाणू आढळला आहे. दूध तापविल्याने तो नष्ट होतो.

५) हात साबणाने वारंवार धुवावेत.

६) येताना जिवंत पक्षी, कच्चे मांस, अंडी वा पिसे आणू नयेत.

आपल्या भागातील ऊसतोड कामगारांची काही कुटुंबे हंगामात कोंबड्याही सोबत नेतात. परत आल्यावर या कोंबड्या गावातील कळपात लगेच मिसळू नयेत. त्या किमान दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. बाजारातून विकत आणलेल्या पक्ष्यांनाही हाच नियम लावावा.

परतल्यावर

पादत्राणांची माती व विष्ठा आधी साबणाच्या पाण्याने घासून काढावी, नंतर जंतुनाशक वापरावे. घाण तशीच राहिल्यास जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. अंघोळ करून व कपडे बदलूनच आपल्या कोंबड्यांजवळ जावे. बाहेरगावचे कोंबडीखत शेतात टाकण्यासाठी आणताना तेथे मरतूक नसल्याची खात्री करावी. ताजे खत न वापरता ढीग रचून, झाकून व चांगले कुजवूनच वापरावे.

रोगी पक्ष्याचा संपर्क आल्यापासून साधारणतः दोन ते पाच दिवसांत, कधी त्याहून उशिरा, लक्षणे दिसतात. ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी, डोळे लाल होणे आणि पुढे धाप लागणे ही ती लक्षणे होत. परतल्यापासून किमान दहा दिवस प्रकृतीवर लक्ष ठेवावे. लक्षण दिसताच मास्क लावून सरकारी दवाखान्यात जावे. गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगर येथील घाटी रुग्णालय गाठावे.

या वेळी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांना दोन वाक्ये न विसरता सांगणे : "मी अमुक गावाहून आलो आहे" आणि "मी आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याच्या संपर्कात आलो होतो." हिवाळ्यात तापाचे रुग्ण अनेक असतात. ही माहिती मिळाली तरच डॉक्टरांच्या मनात शंका येते, घशाचा नमुना तपासणीस जातो आणि ओसेल्टामिविर हे औषध वेळेवर सुरू होते. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक गुण येतो. ते मनाने घेऊ नये. नेहमीच्या फ्लूची लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मरतूक लपवू नका

कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्या उकिरड्यावर, नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नयेत आणि पडत्या भावात विकूही नयेत. ग्रामपंचायतीस व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. २००९च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार तसे कळविणे बंधनकारक आहे. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी नाही. म्हणजे लपविण्यात गेलेला प्रत्येक दिवस शेतकऱ्याचेच नुकसान वाढवितो आणि घरातील मुलांना धोक्यात टाकतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चिकन-अंडी खाणे सोडण्याची गरज नाही आणि प्रवास थांबविण्याचीही नाही. हात धुणे, पादत्राणे स्वच्छ करणे, अन्न पूर्ण शिजविणे व वेळेवर खरी माहिती देणे, एवढे पाळले तरी आपले घर व आपला जोडधंदा दोन्ही सुरक्षित राहण्यास मोठी मदत होईल.