वासराची कातडी सोलते तेव्हा

नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या तोंडात, सांध्यांवर फोड आले, कातडी सोलली, खूर निखळू लागले, की पुष्कळजण लाळ्या-खुरकूत समजतात. तो विषाणूचा रोग. ताप येतो, गोठ्यातली इतर जनावरेही लाळ गाळू लागतात. पण गाय धडधाकट आणि वासरूच तेवढे सोलत असेल, तर दोष जन्मजात असू शकतो. कातडीचे दोन थर जोडणारा पातळ पडदाच कच्चा असतो. जरा घासले की थर सुटतात. ब्राझीलमध्ये मुऱ्हा म्हशींतही कातडी सोलण्याचा असा आनुवंशिक रोग आढळला आहे.

याची लागण होत नाही, पण यावर औषधही नाही. आईबाप दिसायला निरोगी असतात. दोष बहुधा दोघांच्याही रक्तात लपलेला असतो आणि अशा जोडीच्या चार वासरांत सरासरी एक असे निघते. गुरांच्या डॉक्टरांना आधी दाखवावेच, कारण लाळ्या-खुरकूत नाही हे तेच सांगू शकतील. त्यांनी जन्मजात दोष ठरवला, तर ती गाय पुन्हा त्याच वळूकडे नेऊ नये. कृत्रिम रेतन केले असल्यास वळूचा क्रमांक विचारून लिहून ठेवावा.