आतिथ्य व बंधुभाव, कॅथलिक मिशनऱ्यांमधील

कॅथलिक पंथाच्या धर्मप्रसारक संघांत निरनिराळ्या देशांचे व भाषांचे सभासद एकत्र राहत असताना पाळला जाणारा सहजीवनाचा व पाहुणचाराचा आचार. सेंट बेनेडिक्ट (सु. ४८०–५४७) यांनी मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमावलीच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात, येणाऱ्या प्रत्येक अतिथीचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आला असे मानून करावे, अशी आज्ञा आहे. सोळाव्या शतकात धर्मप्रसारक पूर्व आशियात पोहोचले, तेव्हा या आज्ञेची बाजू उलटली. स्वतःच्या मठात यजमान असणारा यूरोपीय धर्मगुरू परमुलखात अतिथी ठरला. त्याने यजमानाचा आचार स्वीकारावा, की तद्देशीय सहकाऱ्यांनी त्याचा आचार पत्करावा, हा प्रश्न उभा राहिला. जपानमधील जेझुइट संघाच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

कागोशिमाचा रहिवासी आंजिरो हा गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात राहिला होता. १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढील वर्षी १५ ऑगस्ट रोजी सेंट फ्रान्सिस झेव्हिअर दोन स्पॅनिश सहकाऱ्यांसह कागोशिमास उतरला, तेव्हा आंजिरोच्या आप्तेष्टांनी या मंडळींचे स्वागत केले. गोव्यातील पाहुणा अशा रीतीने जपानमध्ये यजमान झाला. बिवा हे तंतुवाद्य वाजवून उदरनिर्वाह करणारा, अधू दृष्टीचा लोरेंसो हा जपानी गृहस्थ पुढे संघाचा ‘बंधू’ झाला. १५६९ मध्ये पोर्तुगीज धर्मगुरू लुईश फ्रॉइश हा ओदा नोबुनागा या सत्ताधीशाच्या भेटीस गेला, तेव्हा लोरेंसो त्याच्या सोबत होता. परक्या भाषेत चाचपडणाऱ्या धर्मगुरूंची खरी भिस्त अशा सहकाऱ्यांवर होती.

हा समभाव टिकला नाही. १५७० मध्ये प्रमुख म्हणून आलेला फ्रान्सिस्को काब्राल जपानी लोकांना गर्विष्ठ व अविश्वसनीय मानीत असे. त्यांना लॅटिन व उच्च धर्मशिक्षण देण्यास आणि धर्मगुरुपदाचा मार्ग मोकळा करण्यास त्याचा विरोध होता. एकाच छपराखाली राहणाऱ्या यूरोपीय व जपानी सभासदांच्या वागणुकीत आणि दर्जात भेद केला जाई. परिणामी त्यांच्यात दुरावा वाढला.

संघाचा पर्यवेक्षक म्हणून १५७९ मध्ये जपानला आलेला इटालियन आलेस्सांद्रो वालिन्यानो (१५३९–१६०६) याने ही व्यवस्था मोडून काढली. उसुकी येथे नवशिष्यांचे मठगृह, तर आरिमा व आझुची येथे विद्यालये १५८० मध्ये सुरू झाली. १५८१ मध्ये काब्रालने प्रमुखपद सोडले. त्याच वर्षी वालिन्यानोने जपानी शिष्टाचारांविषयी एक मार्गदर्शक लेख सिद्ध केला. जेवणाची पद्धत, पाहुण्याला बसविण्याची जागा, निरोप देण्याची रीत इ. बारकावे त्यात नमूद आहेत. प्रत्येक निवासात चहासाठी स्वच्छ जागा राखून आल्यागेल्यास चहा द्यावा, असा दंडक त्याने घातला. झेन मठांतील श्रेणींशी संघातील दर्जांचा मेळ घालण्याची त्याची योजना मात्र रोममधील वरिष्ठांना मान्य झाली नाही.

वालिन्यानोच्या औदार्याला मर्यादा होत्या. जपानी व चिनी लोकांना त्याने जो मान दिला, तो भारतीयांना दिला नाही. त्यांना संघात घेण्यास तो प्रतिकूल होता. कोल्लमचा ब्राह्मण पेरो लुईश हा १५६१ मध्ये संघात प्रविष्ट झालेला पहिला भारतीय जेझुइट होय; १५७५ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तथापि त्याच्यानंतर दीर्घकाळ भारतीयांसाठी संघाचे दार बंदच राहिले. गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओरेटरी हा स्वतःचा संघ उभारला. त्यातील जोसेफ वाझ (१६५१–१७११) यांनी डच अंमलाखालील श्रीलंकेत छळाच्या काळात गुप्तपणे जाऊन तेथील कॅथलिकांची सेवा केली. २०१५ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

जपानमध्ये सेबास्तियान किमुरा व लुईस नियाबारा हे दोघे जपानी जेझुइट १६०१ मध्ये धर्मगुरू झाले. १६१४ मध्ये धर्मप्रसारकांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. यानंतर देशात राहिलेल्यांना आसरा देणे हा जपानी ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने देहदंडाचा अपराध ठरला. तरीही अनेकांनी तो दिला. १० सप्टेंबर १६२२ रोजी नागासाकी येथे किमुरा आणि इटालियन धर्मगुरू कार्लो स्पिनोला यांना एकाच ठिकाणी जिवंत जाळण्यात आले. फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन धर्मगुरू, तसेच आसरा देणाऱ्या घरांतील स्त्रिया व मुलेही त्या दिवशी मारली गेली.

तद्देशीय धर्मगुरूंना दुय्यम कामांपुरते न ठेवता पूर्ण शिक्षण देऊन नेतृत्वास सिद्ध करावे, असे पंधरावे बेनेडिक्ट या पोपने १९१९ च्या धर्मपत्रात स्पष्टपणे सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मप्रसाराविषयीच्या आदेशात स्थानिक संस्कृतीच्या आदराला तत्त्वतः मान्यता दिली. काब्राल व वालिन्यानो यांच्यातील वाद वरवर पाहता वेश, भोजन व भाषा यांविषयीचा वाटतो. एका घरात राहणाऱ्यांपैकी यजमान कोण आणि आश्रित कोण, हा त्याचा गाभा होता.