अध्यासनाचे राजकारण

विद्यापीठात केवळ गुणवत्तेचेच राज्य चालते, हा समज विद्यापीठांना सोयीचा असला, तरी इतिहासाला मान्य नाही. मानवसमाजाच्या रूढी तपासणारे मानवशास्त्रही स्वतःच्या घरातील रूढींपासून मुक्त राहिले नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रूथ बेनेडिक्ट यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

अमेरिकन मानवशास्त्राचे प्रवर्तक फ्रान्झ बोआस यांच्या या शिष्येने १९२३ साली डॉक्टरेट मिळविली. तथापि, पुढे कित्येक वर्षे त्यांना अल्प वेतनाच्या, तात्पुरत्या नेमणुकांवरच समाधान मानावे लागले. पती मिळवता असताना पत्नीला कायम नोकरी कशाला, हा त्या काळचा न्याय होता. त्या पतीपासून विभक्त झाल्यावर, १९३१ साली, बोआस यांनी त्यांना सहायक प्राध्यापकपद मिळवून दिले.

बोआस १९३६ साली निवृत्त झाले, तेव्हा बेनेडिक्ट यांचा ‘पॅटर्न्स ऑफ कल्चर’ हा ग्रंथ गाजत होता आणि हंगामी प्रमुख म्हणून विभागाची धुराही त्यांनीच सांभाळली. तरीही १९३७ साली विस्कॉन्सिनहून राल्फ लिंटन यांना पाचारण करण्यात आले. लिंटन यांची विद्वत्ता निर्विवाद होती. पण निवड केवळ विद्वत्तेची होती काय? पहिल्या महायुद्धाला उघड विरोध करणारे बोआस विद्यापीठाच्या चालकांना खुपत होते. संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांचा १९१९ साली त्यांनी जाहीर निषेध केला, तेव्हा खुद्द त्यांच्याच व्यावसायिक संघटनेने २० विरुद्ध १० मतांनी त्यांच्यावर ठपका ठेवला होता. (तो रद्द व्हायला २००५ साल उजाडले.) अशा गुरूच्या परंपरेला आवर घालायचा, तर प्रमुख बाहेरून आणणे हाच सोपा मार्ग होता. त्यात वारसदार स्त्री. मग नकाराला वेगळे कारण शोधण्याची गरजच उरत नव्हती.

पुढे लिंटन व बेनेडिक्ट यांच्यातील वितुष्टाने विभाग दुभंगला. १९४६ साली लिंटन येल विद्यापीठात गेले. बेनेडिक्ट यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४८ साली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले.

प्रश्न एका व्यक्तीवरील अन्यायापुरता मर्यादित नाही. अध्यासनावर कोण बसतो, यावर कोणते प्रश्न विचारले जातील आणि कोणते विद्यार्थी घडतील, हे ठरते. म्हणूनच नेमणुकीची कारणे बंद दाराआड राहता कामा नयेत. ज्या निर्णयाची कारणे उघड सांगता येत नाहीत, त्याला गुणवत्तेचे नाव देण्याचा अधिकार कोणत्याही निवड समितीला नाही.